आवाजाचा धनी कोण?

माणसाची ओळख पटविण्याची साधने पुष्कळ आहेत. चेहरा आहे, हस्ताक्षर आहे, चालण्याची ढब आहे, बोटांचे ठसे आहेत. परंतु अंधारात, भिंतीपलीकडून किंवा हजार कोसांवरून माणूस ओळखू यावा असे साधन एकच, ते म्हणजे त्याचा आवाज. आमच्या सुर्ल्याच्या परिसरात खाणी जोरात चालत होत्या त्या काळी रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रीघ लागलेली असे. तरी त्या घरघरीतूनही आई आपल्या लेकराची हाक बरोबर ओळखीत असे. आवाज हा देहाबरोबर येतो आणि देहाबरोबर जातो, तो कोणी कोणाचा उचलून नेऊ शकत नाही, अशीच सर्वांची समजूत होती. ही समजूत आता खरी राहिलेली नाही. संगणकाने माणसाचा आवाज त्याच्यापासून वेगळा काढण्याची विद्या हस्तगत केली आहे, आणि त्यामुळे कायद्यापुढे एक अगदी नवा प्रश्न येऊन उभा राहिला आहे. आवाजाचा धनी कोण?

हा प्रश्न दूरदेशीचा आहे असे आमच्या विद्यार्थी-वाचकांनी मानू नये. तो मुंबई उच्च न्यायालयात उभा राहिला, आणि उभा केला तो मूळच्या गोमंतकीय घराण्यातील एका गायिकेने. फोंडा तालुक्यातील मंगेशी हे मास्टर दीनानाथांचे गाव. त्यांच्या कन्या आशा भोसले यांनी २०२५ साली न्यायालयात दावा लावला. त्यांची तक्रार अशी की, 'मेक' नावाची एक अमेरिकन कंपनी संगणकाचे असे एक साधन लोकांना पुरविते की ज्यायोगे कोणीही मनुष्य आपल्या आवाजात गावे आणि ऐकणाऱ्याला मात्र ते आशाबाईंचे गाणे वाटावे. त्यांची चित्रे छापून परवानगीवाचून विकली जात होती, तीही तक्रार त्या दाव्यात होतीच. पण खरा नवा मुद्दा आवाजाचा. न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी २९ सप्टेंबर २०२५ रोजी आशाबाईंच्या बाजूने अंतरिम हुकूम दिला. एखाद्या नामवंत व्यक्तीच्या परवानगीशिवाय कोणताही आवाज तिच्या आवाजात पालटून देणारे साधन उपलब्ध करून देणे हाच तिच्या व्यक्तिमत्त्व-हक्कांचा भंग होय, असे मत त्यांनी नोंदविले. त्यापूर्वी एक वर्ष, २६ जुलै २०२४ रोजी, त्याच न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात अशाच स्वरूपाचा हुकूम दिला होता; तो न्यायमूर्ती आर. आय. छागला यांचा.

'अंतरिम' या शब्दाचा अर्थ येथे नीट ध्यानात घ्यावयास हवा. दाव्याचा शेवटचा निकाल लागेपर्यंत नुकसान वाढू नये म्हणून दिलेला तो तात्पुरता मनाई-हुकूम असतो. म्हणजे या हुकमाने रस्ता दाखविला आहे; सडक बांधून पुरी झालेली नाही.

हे यंत्र नकलेचे काम करते तरी कसे? नकलाकार आमच्याकडे पूर्वीपासून आहेत. जत्रेतल्या नाटकात एखादा नट दुसऱ्या नामांकित नटाची हुबेहूब नक्कल करतो आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात. पण त्या नकलेत नकलाकाराचा स्वतःचा गळा कोठे ना कोठे डोकावतोच. यंत्राचे तसे नाही. आपण बोलतो तेव्हा गळ्यातील स्वरतंतू कंप पावतात. प्रौढ पुरुषाचे साधारणपणे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, स्त्रीचे दोनशेच्या आसपास. या कंपनांनी उठलेला नाद घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्यांतून घुमत बाहेर येतो. प्रत्येकाच्या पोकळ्यांचा आकार निराळा, म्हणून एकाच सुरात गाणाऱ्या दोघी बहिणींचे आवाजही निराळे. संगणक हा नाद सेकंदाला हजारो वेळा मोजून त्याचे आकडे करून ठेवतो. साध्या टेलिफोनला सेकंदाला ८,००० मोजमापे पुरतात, तर गाण्याच्या सीडीसाठी ४४,१०० घेतली जातात. मग हजारो माणसांचे असे आकडे पुनःपुन्हा तपासून कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र दोन गोष्टी वेगळ्या करावयास शिकते: 'काय बोलले' ही एक आणि 'कोण बोलले' ही दुसरी. एकदा ही फारकत झाली की, एकाचे 'काय' आणि दुसऱ्याचे 'कोण' जोडणे हा नुसता गणिताचा खेळ उरतो. २०२३ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संशोधकांनी तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाज उभा करणारी पद्धत जाहीर केली. तीन सेकंद म्हणजे फोन उचलून "हॅलो, कोण बोलता?" म्हणण्याइतका वेळ!

यंत्राने आवाज पकडला आणि कायदा मागून धापा टाकीत आला, हे मात्र पहिल्यानेच घडत नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आले व त्यांनी गौहरजान या गायिकेचे गाणे तबकडीवर घेतले. गाणे संपताच ती स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत असे. तबकड्या तयार होत जर्मनीत हानोव्हर येथे. तेथील कामगारांना तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ही योजना, असे सांगतात. आम्हांस त्या हाकेत आणखीही काही ऐकू येते. आपला आवाज आपल्यापासून दूर देशी चालला आहे, निदान त्यावर नाव तरी आपले असावे, ही ती धडपड आहे.

नाव राहिले, हक्क मात्र मिळाला नाही. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ साली झाला. त्यात कवीला हक्क मिळाला, संगीतकाराला मिळाला, तबकडी काढणाऱ्या कंपनीला मिळाला. गाणाऱ्याला मिळाला नाही. लता मंगेशकरांनी १९६० च्या दशकात गायकांनाही रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला, त्यावरून मोहम्मद रफी यांच्याशी त्यांचा मतभेद झाला, हे पुष्कळांच्या ऐकिवात असेल. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात संगीताच्या कॉपीराइटचा एक खटला चालला असता न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला स्वतःची एक पुरवणी जोडली, आणि ज्याच्या गळ्यातून गाणे प्रकट होते त्याला कायद्यात स्थान नाही याबद्दल खंत व्यक्त करून संसदेने त्याचा विचार करावा असे सुचविले. संसदेने विचार केला, पण सतरा वर्षांनी. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा स्वतंत्र हक्क प्रथम मान्य झाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपले नाव लावून घेण्याचा व आपल्या कलेची विटंबना थांबविण्याचा हक्क त्याला मिळाला.

या कायद्यात 'कलावंत' कोणाला म्हणावे याची जी यादी आहे ती मोठी मौजेची आहे. नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर तीत कसरत करणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा हेही बसतात. म्हणजे वर्गात शिकविणारे आमचे गुरुजी आणि पुंगी वाजविणारा गारुडी कायद्याच्या एकाच बाकावर बसले आहेत! थट्टा सोडली तर या यादीचे महत्त्व फार आहे. पौष महिन्यात डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत मांडावर धालो रंगतात. ती गाणी कोणी रचली हे कोणी सांगू शकत नाही. ती आईकडून लेकीकडे आली. त्या शब्दांवर कोणा एकाचा कॉपीराइट नाही. पण मांडावर उभी राहून ती गाणारी बाई कायद्याच्या दृष्टीने कलावंत आहे. तिचे गाणे तिच्या संमतीविना मुद्रित करून कोणी धंदा करू लागला, तर त्याला अटकाव करण्याचा अधिकार तिला आहे. अभ्यासासाठी, शिकविण्यासाठी किंवा स्वतःपुरते मुद्रण केले तर त्यास कायद्याची हरकत नाही. मोबाईलवर धालो टिपून यूट्यूबवर चढविणाऱ्या हौशी तरुणांना यातले फारसे ठाऊक नसते, आणि गाणाऱ्या बायांना तर त्याहून नसते.

आता मुख्य अडचण सांगतो. समजा, त्या बाईच्या गाण्याचा तुकडा घेऊन यंत्राने तिच्या आवाजात एखाद्या साबणाची जाहिरात म्हटली. ती जाहिरात तिने कधी म्हटलेलीच नाही. कॉपीराइटचा कायदा घडलेल्या गायनाचे रक्षण करतो. न घडलेल्या गायनाचे काय? येथे गाणे चोरीला गेलेले नाही, गळाच चोरीला गेला आहे. कायद्याची जुनी टोपी या नव्या डोक्यावर बसत नाही ती येथेच.

अमेरिकेत हा पेच बराच अगोदर आला होता. फोर्ड मोटार कंपनीला १९८० नंतरच्या दशकात एका जाहिरातीसाठी बेट मिडलर या गायिकेचा आवाज हवा होता. तिने नकार दिला, तेव्हा तिच्यामागे साथीला गाणाऱ्या एका बाईकडून तंतोतंत तशीच नक्कल करवून घेण्यात आली. १९८८ साली तेथील अपील न्यायालयाने ठरविले की, आवाज हा चेहऱ्याइतकाच माणसाचा स्वतःचा आहे, आणि माल खपविण्यासाठी प्रसिद्ध गायिकेच्या विशिष्ट आवाजाची मुद्दाम नक्कल करणे हा तिच्यावरील अन्याय होय. टेनेसी हे तेथील राज्य संगीताच्या धंद्यावर पोसलेले. त्याने २०२४ साली आवाजाच्या संरक्षणाचा खास कायदा केला. डेन्मार्कच्या सरकारने २०२५ मध्ये याहून एक पाऊल पुढे टाकून, प्रत्येक नागरिकाला स्वतःच्या चेहऱ्यावर व आवाजावर हक्क देणारा प्रस्ताव मांडला.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा झालेला नाही. न्यायालयांनी जी इमारत उभारली ती दुसऱ्याच पायावर, म्हणजे खाजगीपणाच्या हक्कावर. या हक्काची कथा लांब आहे. १९५४ साली आठ न्यायाधीशांच्या आणि १९६२ साली सहा न्यायाधीशांच्या पीठाने संविधानात असा हक्क दिसत नाही असे म्हटले होते. १९९४ मध्ये तामिळनाडूतील एका खटल्यात न्यायालयाचे मत पालटलेले दिसले. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा जीविताच्या व स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कांतच सामावलेला आहे. आधारपत्राच्या वादातून उद्भवलेला हा निकाल न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या नावाने ओळखला जातो. त्यातील आपल्या निकालपत्रात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी लिहिले आहे की, आपले नाव, आपली प्रतिमा आणि आपल्या ओळखीची इतर अंगे यांचा संमतीवाचून व्यापारी उपयोग होऊ न देण्याचा अधिकार व्यक्तीला असू शकतो.

आशाबाई व अरिजित सिंग यांना दिलासा मिळाला, याचा आम्हांस आनंद वाटतो. पण हुकूम बारकाईने वाचला म्हणजे ध्यानात येते की, त्यांतील युक्तिवाद 'प्रसिद्धी' या शब्दाभोवती फिरतो. आवाजाला बाजारात मोल आहे, ते मोल दुसऱ्याने उपटले, म्हणून न्यायालयाने हात दिला. ज्याच्या आवाजाला बाजारात कवडीचेही मोल नाही, पण घरात मात्र लाख मोल आहे, त्याने काय करावे? सुर्ल्यातील एखाद्या घरचा मुलगा आखातात किंवा बोटीवर नोकरीला असतो. रात्री आईला फोन येतो, आवाज त्याचाच: "आई, मोठी अडचण आहे, ताबडतोब पैसे पाठव." अशा फसवणुकी आज देशभर होत आहेत. त्या मुलाच्या आवाजाला कोणी जाहिरातीसाठी विचारणार नाही. त्याच्या बाबतीत व्यक्तिमत्त्व-हक्काचा दावा घेऊन मुंबईस कोण जाणार? आणि वकिलाची फी कोण भरणार?

अशा घराला आज आधार आहे तो मुख्यतः फौजदारी कायद्याचा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ६६-ड अन्वये संगणक किंवा फोन वापरून दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये तोतयेगिरीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. परंतु हे दोन्ही उपाय पैसे गेल्यानंतरचे, चोर सापडला तर लागू पडणारे. आवाज मुळात उचललाच जाऊ नये यासाठी काय आहे?

त्यासाठी २०२३ साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. ज्यावरून माणूस ओळखता येतो ती त्याची व्यक्तिगत माहिती. तेव्हा आवाजाचे मुद्रणही तीत येते, आणि ते वापरणाऱ्या कंपनीने संमती घ्यावी असा साधारण नियम आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आईबापांची खात्रीशीर संमती लागते. आमच्या शाळेतील जवळजवळ सर्व विद्यार्थी या कलमाखाली येतात. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मात्र हा दंड सरकारच्या तिजोरीत जातो, ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती त्यातले काही पडत नाही. दुसरीही एक मेख आहे, आणि ती आमच्या मते पहिलीहून मोठी आहे. जी माहिती माणसाने स्वतःहून सर्वांसाठी प्रसिद्ध केली आहे तिला हा कायदा लागूच होत नाही. स्नेहसंमेलनात म्हटलेले गाणे एखाद्या मुलीने आपण होऊन सर्वांना दिसेल असे यूट्यूबवर ठेवले, तर त्या मुद्रणापुरते या कायद्याचे छत्र तिच्या डोक्यावरून गेले. ही सूट इतकी सैल ठेवावयास नको होती असे आम्हांस स्पष्टपणे वाटते. गाणे लोकांना ऐकविणे निराळे आणि गळा यंत्राच्या स्वाधीन करणे निराळे. कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले. संमतीसंबंधीची मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यावीत असे त्यांत ठरविले आहे.

२०२६ च्या फेब्रुवारीत सरकारने समाजमाध्यमांच्या नियमांतही दुरुस्ती केली. यंत्राने बनविलेल्या चित्रावर किंवा आवाजावर तसे ठळकपणे नमूद केले पाहिजे, आणि न्यायालयाचा अथवा सरकारचा हुकूम आल्यास बेकायदा मजकूर तीन तासांत हटविला पाहिजे, असे ते नियम सांगतात. तीन तासांच्या घाईत खऱ्या टीकेचाही बळी जाईल की काय, अशी शंका अनेकांनी घेतली आहे. ती अगदीच निराधार नाही. जत्रेतील सोंगाड्या पुढाऱ्याची नक्कल करतो ती फसविण्यासाठी नव्हे, हसविण्यासाठी. यंत्राच्या साह्याने तसेच केले तर ते थट्टेत मोडावे की तोतयेगिरीत, हे तीन तासांत ठरविणे सोपे नाही.

एक प्रश्न याहूनही नाजूक आहे, तो मृतांच्या आवाजाचा. फोंडा तालुक्यातीलच केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठविलेल्या सोनेरी तबकडीवर आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या फार चोखंदळ होत्या. उद्या यंत्राकडून त्यांच्या आवाजात एखादे उडते गाणे कोणी गाऊन घेतले, तर त्यांच्या वतीने बोलणार कोण? प्रसिद्धीचा व खाजगीपणाचा हक्क माणसाबरोबरच संपतो, वारसांकडे जात नाही, असे मत २०२१ साली मद्रास व २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने वेगवेगळ्या खटल्यांत व्यक्त केले आहे. संगीतकार ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये एका तमिळ चित्रपटासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राद्वारे वापरले, तेव्हा त्यांनी कुटुंबीयांची परवानगी घेतली व मोबदलाही दिला. ते त्यांचे सौजन्य होय. तसे करावयास त्यांस भाग पाडील असा स्पष्ट कायदा नव्हता.

न्यायालयांना स्वतःलाही आता आवाजाविषयी अधिक सावध राहावे लागणार आहे. टेपरेकॉर्डर नवा होता तेव्हा, १९६७ साली, महाराष्ट्रातील एका लाचेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फितीवरील संभाषण पुरावा म्हणून स्वीकारले. पण फीत पुसता येते, बदलता येते, म्हणून तिच्याकडे जपून पाहावे असे बजावले. आता तर फितीत फेरफार करण्याचीही गरज उरली नाही, सबंध संभाषणच नवे घडविता येते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याच्या कलम ६३ प्रमाणे असे मुद्रण पुढे ठेवताना ते कोणत्या यंत्रातून घेतले याचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्या फाइलीची सांकेतिक संख्याही नोंदवावी लागते. फाइलीत एका अक्षराएवढा जरी बदल झाला तरी ही संख्या पालटते, त्यामुळे मागाहून केलेली लबाडी उघडकीस येते. अगोदरच बनावट असलेले मुद्रण मात्र या उपायाने ओळखता येत नाही. त्यासाठी ध्वनितज्ज्ञच हवा.

म्हणून ज्या घरी असा खोटा फोन येईल त्यांनी प्रथम तो बंद करून, आपल्याजवळ लिहून ठेवलेल्या नंबरावर मुलाला स्वतः फोन लावावा. काही कुटुंबांनी घरातल्या माणसांनाच ठाऊक असलेला एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवला आहे, तीही युक्ती चांगली आहे. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळविले तर बँकेतील रक्कम पुढे सरकण्यापूर्वी अडविता येण्याचा संभव असतो. त्यानंतर पोलीस ठाण्यावर लेखी फिर्याद द्यावी. फोन आल्याची वेळ, नंबर आणि व्हॉट्सॲपवरील आवाजी निरोप पुसू नयेत, आणि तो मूळ फोन विकू अथवा बदलू नये. न्यायालयात प्रमाणपत्र लागेल ते त्याच फोनाचे.